भरलेली कॅन

"पाणी बघितलं होतं, वैनी. देवाशप्पथ बघितलं होतं," सुनील तिसऱ्यांदा म्हणाला.

सुवर्णाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती खंडेराव मिस्त्रींकडे पाहत होती. "काका, तुम्ही एकदाच काय ते सांगा. याने पाणी न बघता घाट चढवला, की गाडीत दोष आहे? तुम्ही म्हणाल ते मी मानेन. पण याची चूक असेल, तर आजच याला घरी पाठवते."

सासरे, म्हणजे अण्णा, गेल्यापासून त्यांचा जुना ट्रक सुवर्णाच चालवून घेत होती. अण्णांनी बरीच वर्षं तो सपाटीवरच फिरवला होता; तिने घाटापलीकडचा कांदा आणायला घेतला आणि गेल्या चार महिन्यांत तो तीनदा उकळला होता. रेडिएटर साफ करून झाला, पाण्याचा पंप नवा बसला, पंख्याचा पट्टाही बदलला. तरी तिसऱ्यांदा उकळला तो उकळलाच. शेवटी सुवर्णा द्वारका चौकाच्या अलीकडच्या बोळात खंडेरावांकडे आली होती. अडुसष्ट वर्षांच्या या माणसाच्या शब्दावर भोवतालचे ट्रकमालक इंजिनं खोलायचे आणि ड्रायव्हर ठेवायचे किंवा काढायचे. असा शब्द मिळवायला आयुष्य घालवावं लागतं, आणि खंडेरावांनी ते घातलं होतं.

खंडेराव आधी पाना उचलत नाहीत, प्रश्न विचारतात. हल्ली डॉक्टरही एवढं विचारत नाहीत.

"सपाटीला तापते?"

"नाय, मिस्त्री."

"रिकामी असताना घाटात?"

"नाय. भरलेली असली की. राहुड घाटात, ते बी दुपारचीच."

"आणि सकाळी? काटा किती वेळात वर येतो?"

सुनील जरा गोंधळला. गाडी तापण्याबद्दल बोलायचं सोडून हे म्हातारं गार असण्याबद्दल काय विचारतंय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. "लय येळ लागतो. ओझरच्या पुढं गेल्यावर कुठं हालतो."

खंडेराव गाडीकडे वळले. सकाळी तापायला आळशी आणि दुपारी उकळायला उतावीळ, असं इंजिन कधी असतं? त्यांनी गाडी सुरू करायला लावली. अर्धा तास जागेवरच रेस देऊन चालू ठेवली. मग कोपरापर्यंत बाही सारून रेडिएटरच्या वरच्या नळीला उलटा हात लावला, मग खालच्या. खालची चांगली गार होती. म्हणजे रेडिएटर आपलं काम चोख करत होता. मग त्यांचा हात इंजिनाच्या पुढच्या बाजूच्या एका आखूड नळीवर गेला आणि चटकन मागे आला. बोट भाजलं होतं.

ती नळी म्हणजे पाण्याचा जवळचा रस्ता. इंजिन गार असताना पाणी रेडिएटरकडे न जाता तिथूनच परत फिरतं. इंजिन तापलं की थर्मोस्टॅट नावाची वाटीएवढी वस्तू उघडते, पाणी रेडिएटरकडे सोडते आणि जवळचा रस्ता बंद करते. तापल्या इंजिनात ही नळी अशी भाजायला नको होती.

खंडेरावांनी गाडी बंद केली. इंजिन निवेपर्यंत ते स्टुलावर बसून राहिले. सुवर्णाने चहा मागवला, तो त्यांच्यासमोर निवून गेला. पुढे काय दिसणार आहे हे त्यांना ठाऊक झालं होतं.

थर्मोस्टॅटच्या झाकणावर लोखंडी पंच ठोकून मारलेले दोन ठिपके होते. ती त्यांचीच खूण. स्वतः उघडलेल्या प्रत्येक झाकणावर ते ठिपके मारायचे, तेवढा अभिमान त्यांना होता. झाकण निघालं. आत काहीच नव्हतं.

त्या काळी सगळेच मिस्त्री तसं करत. थर्मोस्टॅट अडकला की काढून फेकायचा, "पाणी मोकळं फिरू दे" म्हणायचं. पुष्कळ गाड्यांत ते खपूनही जायचं. पण या इंजिनात थर्मोस्टॅट नसला की जवळचा रस्ता कायमचा उघडा राहायचा. एरवी भागायचं. भर उन्हात, भरल्या गाडीने, घाटात मात्र निम्मं उकळतं पाणी गार न होताच इंजिनात परत यायचं. इतकी वर्षं इंजिनं खोलून हे आपल्याला आज, एक बोट भाजल्यावर कळावं! खंडेरावांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

आणि त्या लाजेमागून पुंजा आठवला.

थर्मोस्टॅट काढल्यावर काही महिन्यांनी, चौदा वर्षांपूर्वी, हाच ट्रक याच घाटात उकळला होता. हेड गॅस्केट उडून इंजिन बसलं होतं. पुंजा ड्रायव्हर हात जोडून म्हणत होता, "पाणी भरलेलं व्हतं, मिस्त्री. कॅन बी भरलेली व्हती." खंडेरावांनी कोरडा रेडिएटर पाहिला आणि म्हणाले, "पाणी बघितलं नाही याने." उकळून गेलेलं पाणी आणि न भरलेलं पाणी यांत मागाहून फरक दिसत नाही, एवढा साधा विचार त्यांनी केला नाही. सुवर्णाच्या सासऱ्यांनी पुंजाला काढलं. खंडेरावांचाच शब्द तो. द्वारकेवर मग पुंजाच्या हातात कुणीच स्टिअरिंग दिलं नाही.

आता नवा थर्मोस्टॅट बसवून गप्प राहणं अगदी सोपं होतं. गाडी बरी झाली असती, सुनीलची नोकरी राहिली असती आणि मिस्त्रींचं नाव आणखी मोठं झालं असतं.

"काका, सांगा ना. याची चूक आहे का?" सुवर्णाने विचारलं.

"सुनीलची नाही," खंडेराव म्हणाले. मग त्यांनी पुन्हा म्हटलं, मोठ्याने, शेजारच्या गॅरेजातही ऐकू जाईल असं. "सुनीलची चूक नाही. पुंजाचीही नव्हती. माझी होती. यातला थर्मोस्टॅट मीच काढून फेकला होता."

शेजारी चाललेली ठोकाठोक थांबली. सुवर्णाने वाकून त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाली, "काढलं आमच्या अण्णांनी त्यांना. मीही त्यांच्या घरी जाऊन माफी मागेन. पण आधी तुम्ही जा, काका."

दुसऱ्या दिवशी उमराण्याहून कांदा आणायचा होता. नवा थर्मोस्टॅट बसलेल्या ट्रकात सुनीलशेजारी खंडेराव बसले. चांदवडला त्यांनी गाडी आत वळवायला सांगितली.

पुंजा कांदा साठवायच्या एका चाळीसमोर बसून कांदा निवडत होता. केस पांढरे झाले होते. मिस्त्रींना पाहून तो सवयीने उठून उभा राहिला, आणि ते खंडेरावांना फार लागलं.

"पुंजा, तुझं पाणी बरोबर होतं. चूक माझी होती. मी तुझ्यावर ढकलली." वाटेत जुळवलेलं बाकीचं सगळं ते विसरून गेले.

पुंजाने हातातला कांदा ढिगात टाकला. "चौदा वर्सं झाली, मिस्त्री."

"हो."

"घरच्यांला बी खरं वाटंना. बायको म्हणायची, इसरला असाल तुमी." त्याने दुसरा कांदा उचलला. "मंग मला बी वाटाया लागलं, इसरलोच आसंल."

खंडेरावांना मान वर करवेना. "गाडी आणलीय. उमराण्याला भरून घाट चढायचाय. काटा तू बघावास अशी माझी इच्छा आहे."

पुंजा चाळीमागच्या घरात निघून गेला. खंडेराव परत गाडीत येऊन बसले. बराच वेळ झाला. सुनीलने एकदा हॉर्नकडे हात नेला, तो खंडेरावांनी धरला. आता हा बाहेर येत नाही, आणि न आला तर त्याचं बरोबरच आहे, असं त्यांनी मनाशी ठरवलं. तेवढ्यात पुंजा आला. अंगात धुतलेला सदरा होता आणि हातात पाच लिटरची, तोंडापर्यंत भरलेली कॅन.

"घाट हाय," तो म्हणाला. "पाण्याबिगर कोण जातं?"

सुनीलने खाली उतरून स्टिअरिंगकडे बोट केलं. "चालवा ना, काका."

"लायसन कधीच संपलं, बाबा. चालव तूच."

कांदा भरून गाडी परत फिरली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. घाट लागला. पुंजा मध्ये बसला होता, मांडीवर कॅन. त्याने रस्त्याकडे पाहिलंच नाही. नजर काट्यावर, आणि गिअर बदलायच्या क्षणी मात्र त्याचा डावा पाय क्लच दाबल्यासारखा सुनीलच्या आधी दबायचा. ज्या वळणावर चौदा वर्षांपूर्वी वाफेचा लोट उठला होता, ते वळण आलं. काटा निम्म्यावर होता. वळण मागे पडलं. काटा निम्म्यावरच होता. सुनील हसला, पण बाकीचे दोघे हसत नाहीत म्हणून आवरलं त्याने.

माथ्यावर गाडी कडेला थांबली. पुंजा खाली उतरला, पाठोपाठ खंडेराव उतरले. पुंजाने कॅनचं झाकण फिरवून काढलं आणि आतलं पाणी त्यांना दाखवलं.

"भरलेली हाय ना?"

"हो."

"तव्हा बी अशीच व्हती."

खंडेरावांनी मान हलवली. पुंजाने त्यांच्या हातांकडे पाहिलं. कालचं ग्रीस अजून नखांत होतं, भाजलेल्या बोटावर फोड आला होता.

"हात करा पुढं, मिस्त्री."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. पुंजा त्यांवर बारीक धारेने पाणी ओतत राहिला, कॅन रिकामी होईपर्यंत.