हिरव्या कोटातली चेटकीण

हॉर्सन्स शहराच्या मध्यवस्तीला सणांची भूक फार. फेब्रुवारीत मुलं सोंगं घेऊन पिंप फोडतात, मे महिन्यात चौकाचौकात बँड वाजतात, ऑगस्टमध्ये मध्ययुगाच्या जत्रेसाठी बँकेतले कारकून चिलखतं घालून हिंडतात आणि नोव्हेंबर उजाडला न उजाडला की पेठेत नाताळचे दिवे टांगले जातात. हे सगळं व्यापारी मंडळ करतं. त्या दिवसांत दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात हा निव्वळ योगायोग, असं मंडळ तोंड वर करून सांगतं. त्यातल्या त्यात जुना आणि खरा सण म्हणजे तेवीस जूनचा, ऐन उन्हाळ्यातला सांक्त हान्स. संध्याकाळी बंदराच्या पाण्यात तराफ्यावर शेकोटी पेटते, तिच्या टोकावर कापडाची चेटकीण बसवलेली असते आणि सारं गाव काठावर उभं राहून तिला जळताना बघतं.

छत्तीस वर्षं ती चेटकीण इंगेलिसेने शिवली. मुख्य पेठेत तिचं बटणं, दोरे आणि लोकरीचं दुकान होतं. तिथल्याच फळीवर चेटकीण शिवायची आणि आठवडाभर काचेत मांडायची, त्यामुळे यंदा कुणाला जाळणार ते पोरांना आधीच माहीत असायचं. तिचा एकच नियम होता. चेटकिणीच्या अंगावर ओळखीचं काही घालायचं नाही. लोक जुने कपडे आणून द्यायचे. ती बटणं कापून घ्यायची, नावाच्या पट्ट्या उसवायची, खिसे उलटे करून बघायची. मग उरायची ती नुसती चिंधी. ‘बटणवाली बटणं कशी सोडेल!’ म्हणून लोक हसायचे. तिने त्यांना हसू दिलं. कुणाचा तरी अंगावरचा कपडा जळताना बघण्यात कसली आलीय मजा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

दोन वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं. ती इस्पितळात असताना मुलाने, टॉर्किलने, एका शनिवार-रविवारात दुकानावरचं घर रिकामं केलं आणि तिला वृद्धांच्या घरकुलात खोली घेऊन दिली. खोली चांगली आहे, खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. इंगेलिसेने कुरकुर केली नाही. जेवणाचं टेबल गेलं, शिवणयंत्र गेलं, नवऱ्याची खुर्ची गेली. तिने एकच वस्तू मागितली, मारेनचा हिरवा कोट.

मारेन म्हणजे टॉर्किलची मोठी बहीण. एकोणीस वर्षांची असताना सायकलवरून निघाली आणि उजवीकडे वळणाऱ्या ट्रकवाल्याला ती दिसलीच नाही. एप्रिल होता, छान ऊन पडलं होतं, म्हणून कोट घरीच खुंटीवर राहिला. तो इंगेलिसेने शिवला होता. कापड कमी पडलं म्हणून डाव्या बाहीच्या टोकाला गडद हिरवी पट्टी जोडली होती आणि त्यावरून मारेनने आईला नकोसं करून सोडलं होतं. ‘एका हाताने श्रीमंत, एका हाताने गरीब,’ असं म्हणत दोन्ही हात नाचवायची. तीस वर्षं तो कोट कपाटात टांगलेला होता. इंगेलिसे त्याला हात लावायची नाही, फक्त कपाट उघडल्यावर तो दिसायला हवा असायचा.

‘आहे गं आई, माझ्या माळ्यावर खोक्यात आहे,’ टॉर्किल सांगायचा. ‘नाताळात आणतो.’ नाताळात खोकं सगळ्यांच्या मागे गेलं होतं. ईस्टरला त्याची पाठ धरली होती. उन्हाळ्यात माळा फार तापला होता. प्रत्येक खेपेला तो अशी वेळ मारून नेत होता आणि तीही गप्प बसत होती, कारण मुलगा आठवड्यातून एकदा येत होता आणि घरकुलातल्या बऱ्याच जणींकडे तेवढंही कुणी येत नव्हतं.

यंदा टॉर्किल मंडळाचा अध्यक्ष झाला. त्याने मुद्दाम फोन केला. ‘शेकोटीचं भाषण माझं आहे आई. तू पहिल्या रांगेत बसायचंस. आणि ते झालं की आमच्याकडे चल, मी स्वतः माळ्यावर चढतो. शब्द देतो.’

त्या शब्दासाठी ती आली होती. सॉसेजच्या धुरात, बिअरच्या प्लास्टिक पेल्यांच्या गर्दीत, शेजारी सून यानिके आणि मांडीवर रिकामी कापडी पिशवी. आभाळ अजून लख्ख होतं. जूनमध्ये इथे संध्याकाळ लवकर संपत नाही.

‘यंदा चेटकीण कुणी केली गं?’ तिने यानिकेला विचारलं.

‘मंडळातल्या पोरींनी. चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून पोतंभर कपडे आणले आणि दुपारभरात उरकलं. तू आपली महिना महिना डोळे फोडत बसायचीस!’

इंगेलिसे हसली. ऐनार म्हातारा आपल्या होडीने तराफा ओढत आणत होता. दरवर्षी तोच ओढायचा आणि तोच पेटवायचा. बंदराच्या मध्यावर त्याने नांगर टाकला, चेटकिणीवरचं प्लास्टिक ओढून काढलं आणि मशाल धरून होडीत उभा राहिला. चेटकिणीला केरसुणी होती, वाकडं नाक होतं. दोन्ही हात काठीला बांधून आडवे पसरलेले होते. कोट हिरवा होता आणि डाव्या बाहीच्या टोकाला गडद हिरवी पट्टी होती.

इंगेलिसेने चष्मा काढला. पुसून पुन्हा घातला. पट्टी तिथेच होती. बटणंही होती. कुणी कापली नव्हती.

‘यानिके, तो मारेनचा कोट आहे.’

‘कुठला?’

‘तिच्या अंगावरचा. चेटकिणीच्या.’

‘असं कसं होईल, इंगेलिसे? तसले कोट तेव्हा शेकड्यांनी होते. बस ना गं शांत, टॉर्किल बोलतोय.’

तसला कोट जगात एकच होता हे सुनेला सांगत बसायला वेळ नव्हता. भाषण संपलं की टॉर्किल हात वर करणार आणि ऐनार मशाल लावणार, हा इथला रिवाज. इंगेलिसे काठी टेकत उठली. टॉर्किल व्यासपीठावरून सांगत होता की दुकानं काय, कुठेही असतात, पण आपलं शहर आठवणी जपणारं आहे. ती दोन पायऱ्या चढली आणि तिने त्याची बाही ओढली. लोकांना वाटलं, कौतुकाने आली. कुणीतरी शिट्टीही मारली.

टॉर्किलने माइकवर हात ठेवला. ‘काय झालं आई? बरं वाटत नाहीये का?’

‘ती बाही बघ.’

‘कसली बाही?’

‘तिकडे. डावी.’

त्याने पाण्याकडे पाहिलं. इंगेलिसेने मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. चाळीस वर्षं गल्ल्यामागे काढलेली बाई ती. समोरच्याने बटणांचं पाकीट खिशात टाकलंय की नाही हे तिला तोंडावरून कळायचं. टॉर्किलच्या तोंडावर आश्चर्य आलंच नाही. आधी त्याची मान आखडली, मग कान लाल झाले.

‘दिलास तू,’ ती म्हणाली. ‘सगळीच खोकी देऊन टाकलीस. तेव्हाच.’

‘आई, आत्ता नको ना. तीन हजार माणसं उभी आहेत.’

‘ऐनारला हाक मार. दोन मिनिटांत उतरवेल.’

‘आणि काय सांगू लोकांना? टीव्हीवाले आलेत गं.’

‘सांग, बहिणीचा कोट आहे म्हणून. खरं तेच सांग.’

‘आई, प्लीज.’

‘दोन मिनिटं, टॉर्किल. ती तुला कडेवर घेऊन फिरायची रे.’

क्षणभर तिला वाटलं, तो हाक मारणार. त्याचे ओठ उघडले होते, नजर होडीवर होती. मग पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, ‘अध्यक्ष, बिअर गरम होतेय!’ लोक हसले. टॉर्किलही हसला. त्याने माइकवरचा हात काढला आणि दुसरा हात आईच्या खांद्यावर टाकला.

‘माझी आई म्हणतेय,’ तो मोठ्याने म्हणाला, ‘यंदाच्या चेटकिणीची शिलाई काही तिच्या तोडीची नाही! छत्तीस वर्षं तिने शिवल्या, तेव्हा बोलायचा हक्क आहे तिला. होऊन जाऊ दे टाळ्या आईसाठी!’

सगळ्या बंदराने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांतच त्याने हात वर केला.

वाळलेल्या फांद्या भराभर पेटल्या. कोट खालून काळा पडत गेला, मग आग पट्टीपर्यंत पोहोचली. लोकरीचा कोट सहज जळत नाही, बराच वेळ घेतो. चेटकिणीच्या पोटात शिट्टीचा फटाका भरलेला असतो. ज्वाळा तिथवर गेल्या आणि ती लांब, चिरक्या आवाजात किंचाळली. दरवर्षी या किंकाळीला पोरं टाळ्या पिटतात, तशी यंदाही पिटली. छत्तीस वर्षं तो फटाका इंगेलिसेनेच आपल्या हाताने आत शिवला होता. आज तिला तो ऐकवेना, पण कानांवर हात न्यायला तिचा एक हात काठीवर होता आणि दुसरा टॉर्किलने घट्ट धरून ठेवला होता.

मग सगळ्यांनी मिळून दरवर्षीचं गाणं म्हटलं. टॉर्किल मोठ्याने गात होता. खाली आल्यावर पेठेतली जुनी गिऱ्हाईक असलेली एक बाई इंगेलिसेला म्हणाली, ‘भाग्यवान आहेस बाई. इतक्या लोकांसमोर कोण आईचं नाव घेतं?’

‘खरंय,’ इंगेलिसे म्हणाली.

टॉर्किल जरा वेळाने आला, हातात तिच्यासाठी सॉसेज घेऊन. काय सांगायचं ते गाण्याच्या वेळात त्याने सगळं जुळवून ठेवलं होतं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि अगदी मऊ आवाजात बोलायला लागला.

‘हे बघ आई, मी नीट पाहिलं. तसाच होता, पण आपला नव्हता. तिथे मी एकदम गडबडलो, म्हणून तुला तसं वाटलं. आपला कोट माळ्यावर आहे.’

त्याने तिच्या डोळ्यांत पाहून सांगितलं. आता कान लाल नव्हते. कबूल केलं असतं तर ती रडली असती, चार दिवस बोलली नसती, आणि मग कधीतरी त्याच्या केसांतून हात फिरवला असता. तेवढी ती आई होती. पण त्याला तेवढी कबुलीही द्यायची नव्हती.

‘मग चल, आत्ताच जाऊ,’ ती म्हणाली.

‘आत्ता? अगं, आत्ता सगळी आवराआवर पडलीय. रविवारी घेऊन येतो. नक्की.’

‘बरं. रविवारी आण.’

यानिकेने सुटकेचा निःश्वास सोडला. ‘बघ, निवली. उगाच घाबरत होतास,’ ती नवऱ्याच्या कानात म्हणाली. पण म्हाताऱ्या माणसांना ऐकू येत नाही असं समजून आवाज न दाबता बोलली, म्हणून ते इंगेलिसेलाही ऐकू आलं.

इंगेलिसेने सॉसेज सगळं संपवलं. रविवारी ती विचारणार होती, कोट आणलास का. त्याच्या पुढच्या रविवारीही तितक्याच गोड आवाजात विचारणार होती. खुबा सोडला तर तिची तब्येत ठणठणीत होती, डॉक्टर म्हणाले होते अजून दहा वर्षं सहज काढाल. त्यातला एकही रविवार ती त्याला सोडणार नव्हती.