माझे अकरा ठसे

मित्रांनो, या संग्रहालयात आलात की तुम्ही आधी सोन्याच्या विटेभोवती कोंडाळे करता. करा बापडे, तिचा तोराच तसा आहे. पण तिच्या डाव्या बाजूला, काचेच्या पेटीत, एक काळवंडलेला पितळी शिक्का दिसतो ना, तो मी. एके काळी मी देशाच्या मध्यवर्ती बँकेचा शिक्का होतो.

एका म्हाताऱ्या कारागिराने सतरा दिवस खपून मला कोरले. मधोमध तराजू, भोवती बँकेचे नाव, आणि सगळे उलटे. शिक्क्यावर उलटे कोरावे तेव्हा कागदावर सुलटे उमटते. शेवटच्या दिवशी त्याने मला अंगठ्याने पुसले आणि बायकोला म्हणाला, "हा ज्या कागदावर बसेल ना, तो कागद अख्खा देश मानेल बघ."

ती म्हणाली, "देश मानेल ते ठीक. मजुरी कधी मिळणार ते विचारलंत का?"

तुम्ही विचाराल, मध्यवर्ती बँक म्हणजे काय? तिथे तुमचे आजोबा खाते उघडायला जाऊ शकत नाहीत. ती बँकांची बँक. नोटा ती काढते, व्याजाचा दर ती ठरवते, एखादी बँक अडचणीत आली तर तिला हात देते. तिचे सर्वांत मोठे काम मात्र डोळ्यांना दिसत नाही. आज एका नोटेत जेवढे पीठ मिळते, जवळपास तेवढेच पुढच्या वर्षीही मिळावे, ही तिची राखण. ती राखण नीट चालते तेव्हा कोणी तिचे नावही काढत नाही.

सरकारसाठी नव्या नोटा काढायच्या तर त्या हुकमावर माझा ठसा लागे. माझ्या लाकडी पेटीला दोन कुलुपे होती. एक किल्ली गव्हर्नरांकडे, दुसरी संचालक मंडळाच्या सचिवबाईंकडे. मंडळ म्हणजे बँकेच्या कारभारावर लक्ष ठेवणारी नऊ माणसे. त्यांनी हुकूम वाचायचा, त्यावर भांडायचे, पटला तर मंजूर करायचा. मगच दोन्ही कुलुपे उघडायची.

माझे पहिले गव्हर्नर किडकिडीत आणि खोकणारे होते. कोणीही काही मागायला आले की ते नन्नाचा पाढा लावत, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे 'नन्नासाहेब' म्हणत. त्यांच्या काळात मी वर्षातून एखाददोनदाच बाहेर निघे. एकदा एक लहान बँक बुडाल्याची आवई उठली. लोक पहाटेपासून तिच्या दारात रांगा लावून उभे. नन्नासाहेबांनी सकाळी मंडळ बसवले, खरी स्थिती तपासली, आणि त्या बँकेच्या पाठीशी आम्ही उभे आहोत अशा पत्रावर मला दाबले. ते पत्र दारावर चिकटवले आणि दुपारपर्यंत रांग पांगली. त्या दिवशी साहेबांनी मला स्वतःच्या रुमालाने पुसले. तो माझ्या आयुष्यातला मानाचा दिवस.

पुढे सरकार बदलले. नन्नासाहेबांना मुदतवाढ मिळाली नाही. त्यांच्या जागी आलेले साहेब मोठे अभ्यासू, बोलायला मऊ, शिपायालाही 'अहो' म्हणणारे. लाच नाही, लबाडी नाही. सचिवबाईंना त्यांच्याविषयी फार आदर होता. बाई स्वतः वीस वर्षे साहेबांच्या खोलीला लागून असलेल्या, माझी पेटी ठेवलेल्या खोलीत काम करत होत्या. कागद दोनदा वाचल्याशिवाय त्या पुढे सरकवत नसत.

एका सकाळी अर्थमंत्री स्वतः बँकेत आले. निवडणूक तीन महिन्यांवर होती आणि तिजोरीत खडखडाट.

"साहेब, छापखाना तुमचा, कागद तुमचा, शाई तुमची," मंत्री म्हणाले. "मग अडतंय कुठे?"

"नोटा छापता येतात हो. गहू छापता येत नाही," साहेब म्हणाले.

"ते मला कळतं. पण शिक्षकांचे पगार तीन महिने थकलेत. त्यांच्या घरी जाऊन काय सांगू? गव्हर्नरसाहेबांचं तत्त्व आड येतंय म्हणून?"

साहेबांनी समोरचा हुकूम पुन्हा वाचला. त्यांचे वडील शिक्षक होते, हे मंत्र्यांना ठाऊक असावे.

"एकदाच हं," शेवटी ते म्हणाले.

"एकदाच. शब्द देतो."

मंत्री गेल्यावर सचिवबाई हळूच म्हणाल्या, "साहेब, मंडळाची सभा बोलवू ना?"

"पुढच्या आठवड्यात मंजुरी घेऊ. आज शिक्का मारून टाकू."

"नियमात आधी मंजुरी आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, इतके दिवस तुम्ही मला ओळखता. मी कधी वावगं वागलोय?"

"नाही, साहेब."

"मग?"

बाईंनी पर्समधून किल्ली काढली. मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडावेसे वाटले, पण पितळेला कंठ कुठला? मी कागदावर बसलो आणि नेहमीसारखा सुबक उमटलो.

शिक्षकांचे पगार झाले. गावोगाव मंत्र्यांचे कौतुक झाले. मग दुसरा हुकूम आला, रस्त्यांसाठी. तिसरा, बंद कारखाना चालू करण्यासाठी. एकही कारण खोटे नव्हते. दर वेळी बाईंना बोलवायचा त्रास नको म्हणून त्यांची किल्ली साहेबांच्या खणातच राहू लागली. मंडळाची सभा नुसती सह्यांपुरती उरली. चहा यायच्या आत उरकायची. एका वर्षात मी अकरा वेळा उमटलो.

बाहेर काय चालले होते ते मला सफाईवाल्या मावशींकडून कळे. त्या रोज माझी पेटी पुसत आणि स्वतःशीच बडबडत. "सकाळी साबणाला एक भाव, संध्याकाळी दुसरा. दुकानदार पाटी पुसून पुसून दमला." गहू होता तेवढाच होता, त्याच्यामागे धावणाऱ्या नोटा मात्र दुपटी-चौपटीने वाढल्या होत्या.

मावशींना एकच मुलगी. तिला परिचारिका व्हायचे होते. शिक्षणाच्या शुल्कासाठी मावशींनी नऊ वर्षे पोटाला चिमटा काढून पत्र्याच्या डब्यात पैसे साठवले होते. एका दुपारी त्या तो डबा घेऊनच सचिवबाईंसमोर उभ्या राहिल्या.

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, मला जरा समजवा. पैसे मोजले, एकही नोट कमी नाही. पण कॉलेजात गेले तर म्हणतात, एवढ्यात गणवेश येईल फक्त. मग माझे पैसे गेले कुठे? चोर आला असता तर कुलूप तरी तुटलेलं दिसलं असतं."

 बाईंनी घाईघाईने पर्स उघडली. "मावशी, हे माझ्याकडचे घ्या..."

"तुमचे घेऊन काय करू, बाई?" मावशी म्हणाल्या. "तेही तसलेच की."

त्या डबा उचलून गेल्या. बाई कितीतरी वेळ माझ्या पेटीकडे बघत बसल्या. मग उठल्या, साहेबांच्या खोलीत गेल्या आणि खणातली आपली किल्ली घेऊन आल्या.

आठवड्याने बारावा हुकूम आला. मंत्री बाहेर ताटकळत होते.

"बाई, खणात किल्ली नाही," साहेब म्हणाले.

"माझ्याकडे आहे. मंडळ बसू दे, मंजूर करू दे, मग देईन."

"मंत्री खोळंबलेत."

"खोळंबू देत." बाई म्हणाल्या. "साहेब, चूक माझीही आहे. पहिल्याच दिवशी मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही फार तर रागावला असतात. बाकी सगळं टळलं असतं."

साहेबांनी मान खाली घातली. रागावले मात्र नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पूर्ण मंडळ बोलावले आणि अकराही हुकमांचे कागद टेबलावर मांडले. "यांतली पहिली सही माझी आहे," ते म्हणाले. "बारावी मी करणार नाही. तुम्हीही करू नका." कधी नव्हे ते मंडळ सहा तास भांडले आणि हुकूम नामंजूर झाला.

पंधरा दिवसांत साहेबांना घरी बसवले. बाईंची बदली जुन्या कागदांच्या तळघरात झाली. पण नामंजुरीची बातमी फुटली, लोक विचारू लागले, आणि पुढे दोन वर्षांनी नवा कायदा झाला. आता गव्हर्नरांना मनात आले म्हणून काढता येत नाही, सरकारला हवे तेव्हा नोटा मागता येत नाहीत, आणि मंडळात कोण काय बोलले ते सगळ्यांना वाचायला मिळते. भाव थांबायला तीन वर्षे लागली. थांबले, पण मागे फिरले नाहीत. नव्या कायद्याबरोबर नवा शिक्का आला आणि मला बँकेच्याच इमारतीतल्या या संग्रहालयात, काचेच्या पेटीत ठेवले.

मावशींच्या मुलीचे शिक्षणाचे वय निघून गेले. ती रुग्णालयात आहे, पण धुलाईघरात. परिचारिकांचे पांढरे गणवेश इस्त्री करते. निवृत्त होईपर्यंत मावशी माझी काच पुसता पुसता तिच्याविषयी सांगत असत. रागाने नाही, सहजच. ते मला जास्त लागे.

वाईट माणसांना अडवण्यासाठी नियम असतात, असे तुम्हाला वाटत असेल. मला आयुष्यभर एकही वाईट माणूस भेटला नाही. चांगल्या माणसांनी, चांगल्या कारणांसाठी, एकमेकांवरच्या विश्वासाने मला अकरा वेळा दाबले. म्हणून सांगतो, तुमचे आवडते माणूस जरी म्हणाले, "एवढ्या वेळी नियम राहू दे," तरी आपल्या वाट्याची किल्ली सांभाळा. थोडा राग सोसा.

माझ्या पेटीबाहेर एक चिठ्ठी आहे. तीत माझा धातू, माझे वजन आणि माझे साल लिहिले आहे. त्या अकरा कागदांबद्दल अक्षरही नाही. तुमच्यातले कोणी मोठेपणी या इमारतीत कामाला आले, तर तेवढी चिठ्ठी बदला. काय लिहावे ते सुचले नाही, तर रुग्णालयाच्या धुलाईघरात जाऊन मावशींच्या मुलीलाच विचारा. दुपारच्या पाळीत ती तिथेच असते.