सील तुटलेली प्रत

मी एक जुनी, कोपरे दुमडलेली प्रत आहे. जुनी म्हणजे मित्रांनो, वय अवघं दोन वर्षं. मी वाचायचं पुस्तक की खेळायचं, हे मलाच अजून नीट उमगलेलं नाही. पाचसहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण मला उघडून गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि पुढे काय करायचं ते ठरवतात. फासे पडतील तसं त्यांचं नशीब फिरतं.

मला उरणच्या हेमालीने लिहिलं आणि तिचा चुलतभाऊ हितेश याने छापलं. हितेशचे कंटेनरचे ट्रक आहेत. बंदरावर तो एकच गोष्ट शिकला आहे, सील शाबूत तर माल चांगला. म्हणून आम्हा पाचशे भावंडांना त्याने प्लास्टिकमध्ये बंद केलं. मला हेमालीने खेळून बघायला फोडलं, आणि हितेशच्या यादीत माझ्यापुढे 'खराब' असा शेरा लागला.

खराब मी वर्षभर फिरले. आगरदांड्याच्या जेटीवर माझ्यावर चहा सांडला. जो खेळे तो शेवटच्या पानावर आपल्या पात्राचं नाव पेन्सिलने लिही. हितेशची आई नीराबाई सारा जन्म मिठागरात राबलेली, तिला लिहिता येत नाही. तीही खेळली, तिच्या पात्राचं नाव हेमालीने लिहिलं. हितेशही खेळला, नावाडी होऊन. तेराव्या पानावर त्याचा नावाडी खाडीत नाहीसा झाला, तेव्हा हा बाप्या दुपारी धड जेवला नाही.

किहीमच्या एका घरात मला माझं विकलेलं भावंड भेटलं. काचेच्या कपाटात, प्लास्टिकसकट. त्याची गणती विक्रीत, माझी नुकसानीत. माझं डोकंच चालेना.

मग एका रविवारी हितेशने विक्रीचा आकडा सांगितला. एकशे बारा. एवढ्याच लोकांना गोष्ट आवडली, तेव्हा दुसरा भाग छापायचा नाही, असं तो म्हणाला. हेमालीने दुसरा भाग लिहून आणला होता. ती पानं पिशवीत भरू लागली. मला फार वाईट वाटलं, पण आकड्यापुढे मी काय बोलणार?

नीराबाई तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "तू पन खेललास नं? मंग तू कवा इकत घेतलंस?"

"मी कशाला घेव? आधी वाचलं तं खेलाची मजाच जातं. वाचाला हेमाली हाय," हितेश म्हणाला आणि त्याची नजर माझ्यावर पडली.

त्याने मला ओढून घेतलं, शेवटचं पान उघडलं आणि बोटाने नावं मोजली. सत्त्याऐंशी. बारावं नाव त्याच्याच नावाड्याचं होतं. एका खराब प्रतीवर सत्त्याऐंशी माणसं! कपाटातल्या भावंडावर एकही नाही. मग एकशे बारा या आकड्यातून नक्की किती माणसं समजायची? मला सांगता येणार नाही मित्रांनो.

त्याने हेमालीच्या पिशवीतून पानं परत काढली. हळूच विचारलं, "माजा नावाडी जगतं काय?"

"छाप, मंग खेलाला बस," हेमाली म्हणाली.

मित्रांनो, पुस्तकं जरूर जपा, पण सील लावून नको. माझ्या शेवटच्या पानावर अजून चार ओळी मोकळ्या आहेत. येताना पेन्सिल आणा.