पायऱ्या दाखव

“उत्तर बरोबर आहे. पण पायऱ्या कुठं आहेत?” मास्तरांनी चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं.

“मनात केल्या, बाबा.”

“मनात!” मास्तर स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, “ऐकलंस का? मनात केल्या म्हणे.”

“मग काय भिंतीवर करायच्या?” आतून बायकोचा आवाज आला. “सोडा हो तिला. दिवसभर दुकानात उभी असते पोर.”

सून औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. एका शाळेत गणिताच्या शिक्षिकेची जागा निघाली होती, त्यासाठी परीक्षा होती. एकापासून त्या संख्येपर्यंत गुणत जायचं ते फॅक्टोरियलचं आणि गट निवडायच्या संचयाचं प्रकरण कच्चं, म्हणून ती रोज संध्याकाळी सासऱ्यांसमोर बसायची. आजचं गणित असं होतं: एन अधिक दोनचा फॅक्टोरियल हा एन वजा एकच्या फॅक्टोरियलच्या साठपट आहे, तर एन किती? तिनं बघता बघता ‘तीन’ लिहून टाकलं होतं.

“खालचं सगळं कटून जातं, वर तीन लागोपाठचे आकडे उरतात,” ती म्हणाली. “गुणाकार साठ. म्हणजे पाच, चार, तीन. त्यातला सगळ्यात लहान तो एन.”

खुलासा चोख होता आणि नेमका तोच मास्तरांना खुपला. उभ्या जन्मात त्यांनी पायऱ्यांविना आलेल्या उत्तरावर विश्वास ठेवला नव्हता. परीक्षेच्या हॉलमध्ये ते बुटांत, बाह्यांत, कंपासपेटीच्या झाकणात चिठ्ठ्या शोधत फिरायचे आणि बहुतेक वेळा त्या सापडायच्याही. संशय त्यांच्या हाडीमासी खिळला होता. आताही पुस्तकामागची उत्तरांची पानं त्यांनी स्टेपलर मारून बंद केली होती, आणि सून कामावर गेली की पिना जागच्या जागी आहेत ना, हे पाहून घेत होते. पिना होत्या. म्हणजे बाईसाहेबांनी दुसरं पुस्तक पैदा केलं असणार!

हल्ली तर त्यांना जिकडेतिकडे डावच दिसायचे. निवृत्तीनंतर ते एका क्लासमध्ये शिकवत. गेल्या महिन्यात क्लासच्या मालकानं हात जोडून सांगितलं, “सर, आता आराम करा. फळ्यावर आकडे चुकतात, मुलं तक्रार करतात.” मास्तरांचे आणि आकडे चुकणार? मालकाचा भाचा नुकताच पदवी घेऊन आला होता, त्याला चिकटवायचं होतं, बस. हे त्यांनी घरात इतक्यांदा सांगितलं होतं, की बायको आता हुंकारही देत नसे. पण एखाद्या दिवशी अंघोळ करता करता त्यांच्या मनात यायचं, पोरं खरं बोलत असली तर?

“थांब. आता कुठल्याच पुस्तकात नसलेलं गणित देतो,” ते म्हणाले.

त्यांची जुनी रीत होती. आधी मनात उत्तर धरायचं आणि तिथून उलटं येत गणित बांधायचं. त्यांनी अकरा धरले आणि कागदावर लिहिलं: ‘एका बैठकीत प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदाच हात मिळवला. एकूण ५४ वेळा हात मिळवले गेले. माणसं किती?’

सुनेनं कागद ओढला. एक ओळ लिहिली, खोडली. पुन्हा लिहिली आणि थांबली. मास्तर खुर्चीत मागे रेलले. सापडली! उत्तराचं पान नाही म्हटल्यावर गाडी अडलीच की. त्यांना मनातून गुदगुल्या झाल्या. तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि भरभर काहीतरी लिहून कागद पुढे सरकवला.

“अकरा,” ती म्हणाली.

या खेपेला पायऱ्या होत्या. मास्तर बोट ठेवत वाचू लागले. एन माणसांतून दोघांची जोडी. एन गुणिले एन वजा एक, भागिले दोन, बरोबर ५५. म्हणून वरचा गुणाकार ११०. अकरा दाहे एकशेदहा.

“पंचावन्न कुठून आले?” त्यांचा आवाज चढला. “मी चोपन्न लिहिलेत.”

“उतरवून घेताना चुकले, बाबा.”

“चुकलीस, आणि तरी उत्तर बरोबर आलं?”

बोलून गेले आणि मास्तर थबकले. चोपन्नची दुप्पट एकशेआठ. नऊ दाहे नव्वद, अकरा दाहे एकशेदहा. मधे एकशेआठ कुठेच बसत नव्हते. त्यांच्या गणिताला उत्तरच नव्हतं. अकरा माणसांचे पंचावन्न होतात हे झोपेतून उठवलं तरी सांगणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं चोपन्न लिहिले होते.

सून खाली मान घालून पेनाला टोपण लावत होती. डॉक्टरांचं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर वाचून एका गोळीचीही चूक न करणारी ही मुलगी, दोन आकडे उतरवताना चुकणार? ती खोटं बोलत होती. पोरांचा खोटेपणा मास्तरांनी नुसत्या खाली घातलेल्या नजरेवरून ओळखला होता, हाही ओळखला. दुसरं पुस्तक नव्हतं. क्लासवाल्याचा डावही बहुधा नव्हता. त्यांना फार एकटं वाटलं.

“जमलं का तिला?” बायकोनं आतून विचारलं.

“जमलं,” मास्तर म्हणाले. “ती पास होणार.”

मग त्यांनी कोरा कागद पुढ्यात घेतला. “आता तू मला एक गणित घाल.”

“मी? बाबा, आता कशाला...”

“घाल. सोपं नको.”

तिनं घातलं. मास्तर बराच वेळ लिहीत राहिले. एकही पायरी मनात केली नाही, दोननं गुणलं तेसुद्धा कागदावर मांडलं. कागद तिच्या हातात देताना म्हणाले, “चूक असली तर चूक म्हणायचं. खोटं मला कळतं.”

ती वरून खाली वाचत गेली. मधेच एका ओळीवर तिचं बोट थांबलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि या वेळी नजर खाली घातली नाही.

“इथं, बाबा.”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि ती ओळ नव्यानं लिहायला घेतली.