धुडकूभाऊंची बिनदोष वही

धुडकूभाऊंची वही पाहून कुणालाही वाटलं असतं, कॅन्सर व्हायचाच तर असा व्हावा. प्रोस्टेटच्या कॅन्सरवरच्या एका नव्या गोळीचा अभ्यास सुरतेच्या एका इस्पितळात चालला होता आणि तिथल्याच डिंडोली भागात राहणारे भाऊ दोन महिन्यांपासून त्यात होते. चक्कर आली का, अंगातून गरम वाफा आल्या का, हे रोज वहीत लिहायचं. भाऊ रोज लिहीत, 'काही नाही.'

खरं तर दिवसातून चारदा त्यांचं अंग तापे, बनियन घामानं चिंब होई आणि उठताना भिंत धरावी लागे. बायकोपासून, शोभाबाईंपासून, हे लपणार थोडंच? पाळी जाताना त्याही यातून गेल्या होत्या.

"वहीमा लिखा ना," त्या म्हणत.

"आन् काढी टाकं तं?"

अभ्यासातून काढून टाकतील ही भाऊंची भीती पस्तीस वर्षांच्या लूमवरची, यंत्रमागावरची होती. कापडात दोष निघाला की ताका परत येई आणि दोनदा परत आला की माग दुसऱ्याच्या हाती जाई. म्हणून दोष आतल्या घडीत दाबायचा, हे सगळेच शिकले होते. त्यात रक्ताच्या तपासणीतला कॅन्सरचा आकडा उतरत चालला होता, म्हणजे गोळी लागू पडत होती. ही गोळी सुटली तर पुढे काय, या विचारानं भाऊ पुन्हा 'काही नाही' लिहून टाकत.

त्या सोमवारी तपासणीला आले, तर बाकावर लक्ष्मण नावाचा परभणीकडचा माणूस बसला होता. त्याची गोळी आजपासून सुरू होणार होती.

"दादा, खरं सांगा, त्रास होतो का काही?" त्यानं विचारलं. "मी प्लास्टरचं काम करतो. सध्या सहाव्या मजल्यावर बांबूंचा पालख बांधलाय, त्यावर उभं राहून."

'काही नाही' हे शब्द भाऊंच्या अगदी ओठांवर आले होते. पण पालखावर उभा असलेला हा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे आला आणि त्यांना दरदरून घाम फुटला. या घामात गोळीचा काही दोष नव्हता.

"चक्कर येते," ते म्हणाले. "पालखावर चढू नको. चल माझ्यासंगं."

अभ्यासाचं काम पाहणाऱ्या गायत्रीच्या टेबलावर त्यांनी वही ठेवली. "बेटा, हे सगळं खोटं आहे. मला काढायचं तर काढ, पण याला वर चढू देऊ नको."

गायत्री रागावली नाही. तिनं डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी भाऊंना झोपवून, मग उभं करून रक्तदाब मोजला, गोळीची मात्रा कमी केली आणि लक्ष्मणला जमिनीवरचंच काम करायला बजावलं.

"काका, खरं सांगितलं म्हणून इथं कुणाला काढत नाहीत," गायत्री म्हणाली. "तुम्ही सांगाल त्यावरूनच पुढच्यांची मात्रा ठरते."

भाऊंनी खोडरबर मागितलं.

"खोडायचं नाही. चुकलेल्या ओळीवर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. आठवतं तेवढंच खरं बाजूला लिहा आणि तिथं आजची तारीख आणि सही."

असा हिशेब भाऊंना नवाच होता. इथं दोष दिसू द्यायचा होता. पस्तीस वर्षांत त्यांनी लाखो मीटर कापड विणलं, त्यातल्या एका मीटरवरही त्यांचं नाव नव्हतं. त्यांनी पेन घेतलं, पहिल्या 'काही नाही'वर सरळ रेघ ओढली आणि शेजारी खरं ते आणि तारीख लिहून सहीच्या जागी सावकाश पूर्ण नाव लिहिलं.