बारा तासांचा रस्ता

"प्रेमानंद, पोरगी इंदूरहून किती वाजेपर्यंत पोचते गा?" वस्तीतल्या वडीलधाऱ्या बळीरामभाऊंनी विचारलं, तशी अंगणातली सगळी माणसं प्रेमानंदकडं बघू लागली.

रस्त्याचं विचारायचं तर त्यालाच. वाडीच्या गोदामांतून तीस वर्षं ट्रक हाकलेला माणूस! सावनेर, पांढुर्णा, मुलताई, बैतूल, हरदा... कुठल्या घाटात गाडी दम टाकते, हे त्याला झोपेतून उठवून विचारावं. रस्त्याच्या बाबतीत तो म्हणेल ती पूर्व दिशा.

कौसल्या, त्याची बायको, पहाटे गेली होती. मे महिना, वर पत्रे तापलेले आणि बर्फाची पेटी काही मिळेना. एकुलती एक लेक भावना इंदूरला नर्स. दहा वाजता तिचा फोन आला होता, "बाबा, मी निघाली. आईले ठेवजा, मी येऊनच राहिली." त्यानंतर फोन बंद.

"बसनं बारा तास लागतात," प्रेमानंद म्हणाला. "रात्रीचे दहा वाजतील."

"काका, विमानानं येत असंल तं?" शेजारचा गिरिधर हळूच म्हणाला.

"विमान? काहीच्या काही बोलतं लेका! आजवर बसनंच आली माही पोरगी."

बळीरामभाऊंनी आभाळाकडं बघितलं. "मंग थांबून उपयोग नाही गा. माती खराब होईल."

प्रेमानंद आत जाऊन कौसल्येजवळ बसला. चार दिवस अंथरुणावरून तिनं एकच घोकलं होतं, भावनेला बोलाव. आणि हा म्हणायचा, सुट्टी मिळाली की येईल. त्याला भडभडून आलं. पण उन्हापुढं कोणाचं चालतं? दोन वाजता त्यानंच खांदा दिला.

घाटावर त्रिशरण-पंचशील झालं, अग्नी दिला. ज्वाळा वर चढल्या न चढल्या तोच फाटकाशी ऑटो थांबला. भावना पळत आली. अंगावर दवाखान्याचेच कपडे, बॅगेला विमानतळाची चिठ्ठी लटकलेली.

"संगच्या पोरींनी तिकीट काढून देल्लं, बाबा. सव्वा तास लागला. सव्वा तासच!" तिनं चितेकडं बघितलं. "ठेवजा म्हटलं होतं नं मी? काहून नाही ठेवलं?"

बळीरामभाऊ खाली बघू लागले. प्रेमानंदला वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं. तो नुसता तिची बॅग धरून उभा राहिला. ती रडत होती तोवर त्यानं ती खाली ठेवली नाही.

पंधरा दिवसांनी भावना परत गेली. ती गेली त्याच संध्याकाळी गिरिधर फाटकाशी आला.

"काका, उद्या बैतूलले जाऊन राहिलो. किती तास लागतात?"

रिकाम्या गाडीनं चार, भरल्या गाडीनं पाच, पावसाळ्यात अर्धा अधिक. सगळं ओठांवर आलं होतं.

"मले नाही माहीत गा," प्रेमानंद म्हणाला. "दुसऱ्या कोणाले विचार."