खालच्या गाळ्याची हरकत

खैरुन्निसाबाईंचं पत्र मला मिळालं ते नव्वद सालच्या सप्टेंबरात, कुवेतमधल्या अब्बासिया या भारतीयांच्या वस्तीत. पोस्टाने नाही, पोस्ट तेव्हा बंदच होतं. त्यांनी ते भर सभेत माझ्यासमोर टाकलं आणि विचारलं, "वाचता येतं ना?"

वाचता येत होतं. वाचण्याखेरीज मी आयुष्यात फारसं काही केलेलं नाही. पत्र चार ओळींचं होतं. "तुमच्या आराखड्यात आम्ही बायका कुठेच नाही. आम्ही मेलेलो नाही. खालचा गाळा आम्हाला पाहिजे. द्यायचा नसेल तर तसं लिहून द्या, तोंडी नको." या पत्राला मी उत्तर दिलं नाही. ते का दिलं नाही, हे मला नीट सांगता येईलच असं नाही, पण सांगून बघतो.

मी नगरपालिकेतला निवृत्त कारकून. त्या वर्षी जूनमध्ये मुलीकडे, सुखदाकडे, दोन महिने राहायला म्हणून कुवेतला आलो. ती इथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, आणि तिचा नवरा जहाजावर असतो. बरोबर पुस्तकांची एक पेटी आणली होती. पुस्तकं वाचून संपायच्या आत इराकी सैन्य शहरात शिरलं, आणि मी अडकलो. निम्मी अब्बासिया बसने बसरा, बगदाद आणि तिथून अम्मानकडे निघून गेली. सुखदा म्हणाली, "पेशंट टाकून मी जाणार नाही." म्हणून मीही राहिलो.

राहिलेल्या लोकांनी एक कमिटी केली. अध्यक्ष डॉक्टर देवदत्त. माणूस हुशार, कामाला वाघ, आणि तोंडाने तिखट. ते आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायचे, आणि इमारतीचा कुवेती मालक सौदीला पळताना किल्ल्या त्यांच्याच हातात देऊन गेला होता. वर तीन मजल्यांवर बऱ्याच खोल्या रिकाम्या, आणि खाली रस्त्यालगत एक मोठा गाळा. आधी तिथे गालिच्यांचं दुकान होतं. त्याच सुमारास मुंबईच्या एका संस्थेमार्फत अम्मानच्या रस्त्याने मदत यायला लागली. धान्य बिनशर्त होतं. पण निवारा, औषधं आणि सामाजिक कामं यांसाठीचा हप्ता हवा असेल तर अट होती: काय कशासाठी वापरणार त्याचा आराखडा करा, लोकांसमोर मांडा, हरकती ऐका, आणि सगळ्या हरकती निकालात काढल्याचा चिटणीसाच्या सहीचा दाखला पाठवा.

"जयरामपंत, तुम्ही असलीच कामं करायचात ना?" डॉक्टरांनी विचारलं.

करायचो. केंद्राकडून झोपडपट्टी सुधारणेचं अनुदान आलं की आमच्या कचेरीत वर्षानुवर्षं हेच चालायचं. आधी पाहणी, मग प्रारूप आराखडा, तो भिंतीवर लावायचा, आठवडाभर हरकती मागवायच्या, प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यायचं, मग अंतिम मंजुरी. मला चिटणीस केलं. इतक्या वर्षांनी कुणाला माझी गरज पडली होती. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

आणि तिथेच माझी चूक झाली. आमच्याकडे पात्र आणि अपात्र ठरवताना पहिली अट असायची राहण्याच्या पुराव्याची. रेशनकार्ड नाही, तर घर नाही. माझ्या हाताला तीच सवय. मी लिहिलं: ज्यांच्याकडे कुवेतचं ओळखपत्र, म्हणजे बताका, आहे आणि त्यावर पत्ता आहे, तेच पात्र. वरच्या खोल्या कुटुंबांना. खालचा गाळा दवाखान्याला. आराखडा जिन्याजवळच्या भिंतीवर चिकटवला. लोक वाचून माना डोलवत होते.

खैरुन्निसाबाई शहराच्या रुमैथिया भागात एका घरी स्वयंपाकाला होत्या. तिथलं कुटुंब एका पहाटे गाडीत बसून निघून गेलं, आणि जाताना बाहेरून कुलूप लावायला विसरलं नाही. मागच्या खिडकीतून उतरून त्या चालत अब्बासियात आल्या. मग अशाच आणखी आल्या: कुणी रत्नागिरीकडची, कुणी रायगडातली, एक सोलापूरची. सगळ्या घरकामाच्या बायका. गफूरभाईंच्या फ्लॅटवर उतरल्या. गफूरभाई श्रीवर्धनकडचे, शहरातल्या राई नावाच्या भागात एका गॅरेजात हिशेबाला. त्या फ्लॅटची रीत अशी की गावचं माणूस आलं की त्याला नाही म्हणायचं नाही. आता पुरुष गच्चीवर झोपत होते आणि बायका आत, आणि शेजारी रोज भांडत होते.

सुनावणी गाळ्यातच झाली. बायका मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"नावं घ्या यांची," गफूरभाई म्हणाले. "गाळा द्या. दवाखाना काय, डॉक्टरसाहेबांच्या घरी पण चालेल."

"गफूर, हा तुझा मुसाफिरखाना नाही," डॉक्टर म्हणाले. "अट वाच भिंतीवर. बताका आहे का यांच्याकडे?"

"मालकाच्या, कफीलच्या कपाटात आहे," खैरुन्निसाबाई मागून म्हणाल्या. "कफील सौदीत आहे. कपाट उचलून आणू काय?"

लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत. "बाई, इथे माणसं आजारी आहेत. औषधं ठेवायला जागा नाही. शिवाय एकट्या बायका एका जागी ठेवल्या की सैनिक फेऱ्या मारायला लागतील. मग आमच्या बायका-मुलींचं काय?"

"आमच्या म्हणजे कुणाच्या?" त्यांनी विचारलं. "आम्ही कुणाच्या?"

पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "पळून आलेल्यांची जबाबदारी कमिटीने का घ्यायची?"

"पळून आलो नाही. उडी मारून आलो. पळाले ते आमचे मालक."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही, म्हातारबाबा? हा कागद तुम्ही लिहिलाय ना? बोला की."

मी खाली बघितलं. मला सभेत बोलता येत नाही, कधीच आलं नाही. शाळेत असताना कविता म्हणायला उभा राहिलो आणि तसाच खाली बसलो होतो. तेव्हा त्यांनी ते पत्र टाकलं. डॉक्टर म्हणाले, "हरकत नोंदवा. उत्तर काय द्यायचं ते उघड आहे."

घरी बसून मी सगळ्या हरकतींना उत्तरं लिहिली. कुणाला वरचा मजला नको होता, कुणाला स्वयंपाकघर सामाईक नको होतं. शेवटी खैरुन्निसाबाईंची हरकत उरली. "आपली हरकत पुराव्याअभावी अमान्य करण्यात येत आहे." हे वाक्य माझ्या हाताने शेकड्यांनी लिहिलं असेल. या वेळी "आपली" एवढंच लिहून झालं. मान्य लिहावं, तर तो अधिकार कमिटीचा. अमान्य लिहावं, तर हात पुढे जाईना. मी कागद पुस्तकात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं, "एका हरकतीचं उत्तर राहिलंय."

"मग लिहा."

"नियम जरा बघावे लागतील."

गफूरभाई तिथे होते. त्यांनी लगेच विचारलं, "म्हणजे ती हरकत चालू आहे अजून?"

"प्रलंबित आहे," मी म्हणालो.

"आणि हरकत प्रलंबित असली तर गाळा कुणाचा?"

"तसा कुणाचाच नाही. उत्तर जाईपर्यंत वाटप करता येत नाही."

मी फक्त नियम सांगितला होता. संध्याकाळच्या आत गफूरभाईंनी बायकांच्या वळकट्या गाळ्यात आणून टाकल्या. डॉक्टर खाली धावले, तर गफूरभाई शांतपणे म्हणाले, "वाटप कुठं केलंय साहेब? हरकतीचा निकाल लागला की उठतील. तुमच्याच चिटणीसांना विचारा."

तिथून पुढे मला त्या इमारतीत बोलायला माणूस राहिलं नाही. डॉक्टरांचा दवाखाना पहिल्या मजल्याच्या जिन्यावर सुरू झाला. पेशंट पायऱ्यांवर बसायचे आणि वर-खाली जाणाऱ्यांचे धक्के खायचे. दाखला जाईना, म्हणून औषधांचा हप्ता अम्मानलाच अडकला. डॉक्टर रोज विचारायचे, मी रोज काहीतरी सांगायचो: चष्म्याची काडी मोडली, शाई संपली. एकदा ते उत्तर स्वतःच लिहून घेऊन आले.

"सही करा."

"चिटणीसाचं उत्तर चिटणीसाच्या अक्षरात लागतं."

"असा नियम आहे?"

"आमच्याकडे होता."

नव्हता. डॉक्टरांनी तो कागद माझ्या मांडीवर फेकला. "जयरामपंत, तुम्ही घाबरट आहात. त्या बाईला तोंड द्यायला घाबरता. उद्या जिन्यावर एखादं पोर तापाने गेलं, तर ते तुमच्या नावावर लिहीन मी."

ते खरं बोलत होते, हेच वाईट होतं. सुखदा हॉस्पिटलातून पिशवीत लपवून गोळ्या आणायची. तपासणीच्या चौकीवर एकदा तिची पिशवी उपडी केली आणि तिला दुपारभर उन्हात उभं ठेवलं. घरी आल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली. तिचे ओठ सुकले होते.

"अण्णा, तुम्ही हे मुद्दाम करताय ना?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे... उत्तर सुचत नाही, हे खरं आहे. आणि उत्तर दिलं की त्या बायका रस्त्यावर येतील, हेही मला कळतंय. त्यातलं आधी कोणतं, ते सांगता येत नाही."

"तुम्हाला आयुष्यात काहीच धड सांगता आलं नाही," ती म्हणाली. "आईला तरी कुठे काही सांगितलंत?" त्यानंतर ती कामापुरतं बोलायची. पण डॉक्टरांना तिने हे सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर बाकीच्यांच्या सह्या घेऊन त्यांनी मला काढून टाकलं असतं.

खैरुन्निसाबाईंना तर हे सांगणं शक्यच नव्हतं. त्या गाळ्याच्या दारात बसून तांदूळ निवडायच्या आणि मी पाण्याला खाली उतरलो की हाक मारायच्या. "काय, म्हातारबाबा? शाई आली काय दुकानात?" बाकीच्या हसायच्या. एकदा मात्र त्या उठून वाट अडवूनच उभ्या राहिल्या.

"नाही म्हणायचंय ना? मग म्हणा. आम्हाला पण कळू दे. आज उठवतील, उद्या उठवतील, असं किती दिवस झोपायचं?"

मी म्हणालो, "विचार चालू आहे."

"विचार!" त्या म्हणाल्या. "आमच्या मालकिणीचा कुत्रा बरा होता. तो भुंकायचा तरी."

मी बादली घेऊन वर आलो. त्या उघड्या डोळ्यांनी झोपतात, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी त्यांना छप्पर देत होतो आणि झोप काढून घेत होतो. एका शब्दाने त्यांची भीती गेली असती. पण तो शब्द पहिल्या मजल्यावर डॉक्टरांपर्यंत पोचायला किती वेळ लागला असता?

हिवाळ्यात बाँब पडायला लागले, आणि इमारतीतले सगळेच गाळ्यात उतरले, कारण जाड भिंती तिथेच होत्या. डॉक्टर आणि खैरुन्निसाबाई एका भिंतीला पाठ लावून बसायचे. डॉक्टरांच्या बायकोने एकदा चहा केला, तो बायकांच्या स्टोव्हवर. चहा पिताना डॉक्टर मला म्हणाले, "हे सगळं तुमच्यामुळे." ते कोणत्या अर्थाने म्हणाले, ते मी विचारलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी इराकी सैन्य गेलं. आकाश तेलविहिरींच्या धुराने काळं होतं, दुपारी दिवे लागायचे. वसंत संपता संपता मालक परत आला. आपल्या गाळ्यात बायका बघून आधी ओरडला, मग थोडे दिवस राहू दिलं. भारतीय दूतावासाने बायकांना परतीचे कागद करून दिले. बताका कुणी मागितला नाही.

विमानतळावर न्यायला मिनीबस आली, तेव्हा मी खाली गेलो. खैरुन्निसाबाई खिडकीपाशी बसल्या होत्या.

"दोन ओळी लिहवल्या नाहीत तुम्हाला," त्या म्हणाल्या. "इतके महिने."

गफूरभाई बसच्या पायरीवर उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि मग ड्रायव्हरला म्हणाले, "चल रे." त्यांना किती कळलं होतं, देव जाणे.

खैरुन्निसाबाईंच्या गावचा पत्ता नंतर गफूरभाईंकडूनच घेतला. पोस्ट सुरू झाल्याचं सुखदाने सांगितलं त्या दिवशी लिहायला बसलो. ती कपडे वाळत घालत होती.

"आता कुणाला उत्तर देताय? कमिटी उरली नाही. गाळ्यात परत गालिचे आलेत."

"हरकत नोंदवलेली आहे," मी म्हणालो.

"तिला सांगा तरी, तुमच्यामुळे ती तिथे राहिली म्हणून."

तसं एक वाक्य मी आधीच लिहिलं होतं. परत वाचल्यावर ते मला बढाईसारखं वाटलं. आणि जिन्यावर बसलेले पेशंट, उन्हात उभी असलेली सुखदा, तिथे झोप न आलेल्या त्या बायका, हे सगळं त्याच वाक्यात लिहावं लागलं असतं. मी ते खोडलं आणि नवा कागद घेतला.

"श्रीमती खैरुन्निसा यांस. आपली हरकत मान्य आहे. पुराव्याची अट मी घातली होती. ती इथे घालायला नको होती. उत्तरास उशीर झाला. जयराम, चिटणीस."

चिटणीस हा शब्द ठेवावा की नाही, यावर बराच वेळ गेला. शेवटी ठेवला. सुखदाने कागद वाचला, पाकिटात घातला आणि पाकिटावर इंग्रजीत पत्ता लिहिला. मग आम्ही दोघं चालत पोस्टात गेलो. खिडकीवरच्या माणसाने पाकीट वजन करून बघितलं, तिकीट लावून शिक्का मारला आणि मागच्या टोपलीत टाकलं.